जुमाकेचा फोन

तेरेकबुलाकमध्ये जुमाकादिरचा फोन आला की माणसं आधी खाली बसायची आणि मग तो उचलायची. काही जण तर उचलायचेच नाहीत. आता ह्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? माणूस असा, की रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या तर हॉर्नही वाजवणार नाही. पण गावानं एकदा एखाद्याच्या गळ्यात काम बांधलं की ते सुटता सुटत नाही. जुमाकादिरच्या गळ्यात गावानं मरणाची बातमी सांगायचं काम बांधलं होतं.

सुरुवात झाली बसपायी. तेरेकबुलाक ते ओश शहर अशी गावाची एकुलती एक बस तो चालवायचा. रोज शहरात जाणारा तोच, त्यामुळे गावात कुणी गेलं की शहरातल्या नातेवाइकाला गाठायचं काम त्याच्याकडे आलं. आणि आमच्यात अशी बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. आधी बसायचं, चहा घ्यायचा, गुरांची चौकशी करायची आणि मग हळूच विचारायचं, "पाहुण्यानं चहा संपवला, घोड्यावर खोगीर चढवलं. आता त्याला काय दोरीनं बांधून ठेवायचं?" समोरचा म्हणतो, "नाही." तोवर त्याच्या हातातला चहा हिंदकळायला लागलेला असतो. "तर मग घट्ट राहा, बाबा. तुझे वडील निघाले." जुमाकादिरला हे फार चांगलं जमायचं. त्याच्या तोंडून ऐकलेलं दुःख सोसवतं, असं लोक म्हणायचे आणि आदरानं त्याला 'जुमाके' म्हणायचे. लग्नाला बोलवायचं मात्र विसरायचे.

परमुलखात असलेल्यांसाठी रीत आणखी कडक. एकट्यादुकट्याला मरणाची बातमी फोनवर द्यायचीच नाही. "वडिलांना थोडं बरं नाही, जमलं तर येऊन जा," एवढंच म्हणायचं. खरं ते घरी कळू द्यायचं, चार माणसांच्या मिठीत. पुढे गावातली पोरं रशियात गेली, कोरियात गेली, अमेरिकेत गेली, तसं जुमाकादिरचं काम वाढतच गेलं. 'थोडं बरं नाही' म्हणजे काय, हे मग शेंबड्या पोरालाही कळायला लागलं.

चांगल्या बातमीची तऱ्हा वेगळी. पोर झालं, कुणी परीक्षा पास झालं, हरवलेली घोडी सापडली, की सांगणारा दारातूनच "सुयुन्चु!" म्हणून ओरडतो, आणि ऐकणाऱ्यानं त्याला खुशीनं काहीतरी द्यायचं असतं. टोपी द्या, कोकरू द्या, नाहीतर तो मागेल ते द्या. जुमाकादिरनं उभ्या जन्मात एकदाही सुयुन्चु म्हटलं नव्हतं. त्याचा स्वतःचा मुलगा जन्मला तेव्हाही हा कुणाच्या तरी घरी तोंड पाडून चहा पीत होता, आणि मुलगा झाल्याची बातमी शेजाऱ्यानं आणून ह्याची नवी टोपी पळवली होती.

त्या मुलाचं नाव अर्गेन. तो अमेरिकेत शिकागोला राहून मालाचा ट्रक चालवतो. बापाचा धंदा पोरानं उचलला, फक्त गाडी मोठी आणि रस्ता लांब. पोरगा गुणी, पण बापाचा फोन उचलायचा नाही. जायच्या आधी बहिणीला, जिबेकला, म्हणाला होता, "अतांना सांग, मला फोन करू नका. त्यांचं नाव दिसलं की माझे हातपाय गळतात. ट्रक उलटायचा एखाद दिवशी." मग घरातून फोन लावायची ती आपा, म्हणजे आई, तोतुया. ती मोठमोठ्यानं बोलायची आणि जुमाकादिर शेजारी बसून, मान पुढं काढून, पलीकडचं जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायचा. जखम कुणाला दाखवणारा माणूस नव्हे तो. पण एकदा मला म्हणाला, "जगाची पोरं माझ्या खांद्यावर रडली रे, आणि माझं पोरगं माझ्या आवाजाला भितं."

ह्या उन्हाळ्यात तोतुयाच्या पोटात कळा यायला लागल्या. ओशच्या डॉक्टरनं सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन साधंच आहे पण दिवस काढू नका. तोतुया घरी आली आणि हटून बसली. अर्गेनचं तोंड बघितल्याशिवाय आपण सुरीखाली जाणार नाही.

"मग बोलाव की त्याला," जुमाकादिर म्हणाला.

"मुळीच नाही! एवढ्या लांबून? पोराचं काम बुडेल."

"म्हणजे त्याला बोलवायचंही नाही, आणि तो आल्याशिवाय ऑपरेशनही नाही?"

"हो."

"शाबास!"

आता अशा बाईपुढं डोकं आपटून काय उपयोग? दोन आठवडे ती कळा सोसत राहिली. शेवटी एका संध्याकाळी ती गाय पिळायला बसलेली पाहून जुमाकादिर गोठ्यामागं गेला आणि त्यानं स्वतःच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा पलीकडून फोन उचलला गेला, पण आवाज आला नाही. नुसती इंजिनाची घरघर.

"अर्गेन, बाळा, बरा आहेस ना? हे बघ, घाबरू नकोस. आपाला थोडं बरं नाही. जमलं तर येऊन जा."

बराच वेळ घरघर ऐकू येत राहिली. मग अर्गेन म्हणाला, "येतो," आणि फोन बंद झाला.

जुमाकादिर खूश! एका शब्दात पोरगं तयार झालं, का म्हणून नाही, किती दिवस म्हणून नाही. त्या रात्री तो असा घोरला की तोतुयानं दोनदा उशी फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा तोतुया अंगणात तंदूरला नान लावत होती. तेवढ्यात कुंपणाबाहेर गाडी थांबली आणि तिचा धाकटा भाऊ सातिबाल्दी उतरला. काठीवर वाकलेला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि तोंडानं हंबरडा, "माझी बहीण गं! माझा पाठीराखा डोंगर गं!" मागं दोन चुलतभाऊ, त्यांचंही तेच. गाडीत एक मेंढा बांधलेला.

तोतुया बाई रीतीरिवाजाची मोठी पक्की. कुणी रडत दारात आलं की आधी आपणही रडायचं, चौकशी मागाहून. तिनं पिठाचे हात कमरेवर ठेवले आणि जो सूर लावला, तो चार घरं पलीकडं गेला. रडता रडताच तिनं विचारलं, "अरे पण आपलं कोण गेलं रे?"

सातिबाल्दीनं वर पाहिलं. काठी हातातून सुटली.

"तू," तो म्हणाला.

"मी?"

"तूच की! शिकागोहून निरोप आला. अर्गेनच्या दोस्तानं कळवलं. जुमाकेचा फोन आला, आपाला थोडं बरं नाही म्हणाले."

तोतुया वळली. जुमाकादिर दारात उभा होता, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. बाईचे डोळे मोठे झाले, तंदूरशेजारचा कणकेचा गोळा तिनं भिरकावला आणि तो बरोब्बर नवऱ्याच्या छातीवर बसला.

"अहो म्हातारबा! चोरून फोन केलात? तुम्ही? सगळं गाव सोडून तुम्ही?"

"अगं, पण तुला खरंच थोडं बरं नाही..."

"म्हणून असं सांगायचं?"

"मग दुसरं कसं सांगायचं!"

बरोबरच होतं त्याचं. खोटं सांगायला जे शब्द वापरून वापरून झिजवले, तेच खरं सांगायच्या वेळी हाताशी उरले होते. दुसरे शब्द त्याच्याकडं नव्हतेच.

जिबेक बाहेरून धावत आली. तिनं शिकागोला अर्गेनच्या दोस्ताला फोन लावला. तो म्हणाला, "आत्ताच विमानात बसवून आलो, ताई. घट्ट राहा."

"अरे, आपा जिवंत आहे!"

"हो ताई," तो हळूच म्हणाला. "आपल्या मनात त्या सदैव जिवंतच राहणार."

शेवटी तोतुयानं फोन ओढून घेतला आणि त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या, तेव्हा कुठं त्या पोराची खात्री पटली. तो मोठ्यानं रडायलाच लागला. मग म्हणाला, "पण आता त्याला कसं कळवायचं? त्यानं फोन बंद केलाय. मातीची वेळ मला वाटेत कळायला नको, म्हणाला."

जुमाकादिर पायरीवर बसला. "जिबेक, तो कुठवर आला असेल?"

जिबेकनं फोनवर नकाशा काढला. निळ्याशार पाण्याच्या कडेला एक इवलंसं विमान. शिकागोहून इस्तंबूल, जवळपास नऊ हजार किलोमीटर, साडेदहा-अकरा तास. तिथं विमान बदलायचं, पाच-सहा तास ताटकळायचं. मग इस्तंबूलहून ओश, आणखी साडेतीन हजारांवर, पाच तास. उद्या सकाळी उतरेल.

"आपल्या गावाहून ओश नव्वद," जुमाकादिर पुटपुटला. आयुष्यभर त्यानं अंतर मोजलं ते ह्याच मापानं. "म्हणजे माझ्या बसच्या एकशेचाळीस खेपा झाल्या की गं. आणि तेवढा सगळा रस्ता पोरगं रडत येणार. उगीचच."

"तिकडे अजून काल आहे, अता," जिबेक म्हणाली.

"काल तर सगळं ठीकच होतं," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. लोकांचं रडणं हयातभर पाहिलेला हा माणूस सगळ्यांदेखत हुंदके देत बसला. त्याला एकच दिसत होतं. परक्या माणसांच्या मधे, पट्टा बांधून, खिडकीला डोकं टेकवून बसलेला आपला मुलगा. त्याला ना उठता येतंय, ना ओरडता येतंय. पाहुण्याची गोष्ट सांगायला शेजारी कुणी नाही.

जिबेकनं निरोप लिहून ठेवले. इस्तंबूलला फोन सुरू केला तर वाचेल, ह्या आशेवर. पहिलाच निरोप तिनं घाईत लिहिला: "आपा बरी आहे. शांतपणे ये." लिहून पाठवल्यावर तिनं कपाळावर हात मारला. मेलेल्याबद्दलही वाटेतल्या माणसाला आपण हेच लिहितो! मग तिनं आईला उभं करून व्हिडिओ काढला आणि तोही पाठवला.

इकडे अंगण भरत चाललं होतं. बातमी खोटी निघाली हे सांगायला माणूस पाठवावा, तर वाटेत त्याला दहा जण रडत येताना भेटायचे. आलेली प्रत्येक बाई तोतुयाला चाचपून बघायची आणि पुन्हा नव्यानं रडायची. मेंढ्याचं काय करायचं म्हणून सातिबाल्दीला विचारलं, तर तो म्हणाला, "आणलेला मेंढा मी परत नेणार नाही. मेलीस म्हणून कापणार होतो, जगलीस म्हणून कापतो." चूल पेटली, मोठी कढई चढली, पिठाचे तुकडे तळून बोर्सोकचा ढीग पडला. कितीतरी दिवसांनी जुमाकादिरच्या अंगणात माणसं हसत होती.

तोतुयाला तर ऊत आला. आमच्याकडे बायका मयतावर गाणं रचून रडतात, त्यात गेलेल्या बाईचे गुण गातात. तोतुयानं शेजारणीला पकडलं. "येताना काय रचून आणलं होतंस? म्हण की. मेल्यावर मला ऐकू यायचं नाही."

शेजारीण लाजली, डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं, पण मग गायली. तुझ्या हातचे नान चंद्रासारखे, तुझं दार कधी बंद नव्हतं...

"आणि गाय?" तोतुया म्हणाली. "लाल गाय मी वाढवली, ती कुठाय?"

"विसरले गं बाई."

"घाल मग. आणि ह्या म्हाताऱ्याबरोबर एवढी वर्षं काढली, तेही घाल. दोन ओळी घाल त्याला."

सगळे खदखदून हसले. जुमाकादिर मात्र पायरीवरून हलला नाही. त्याच्यापुढचा रस्सा थिजून गेला. जिबेक मधूनमधून येऊन विमान दाखवायची. आता समुद्र संपला. आता डोंगर आले. आता उतरलं. संध्याकाळ कलल्यावर ती पळत आली, "अता, पहिला निरोप वाचला त्यानं!" सगळे थबकले. मग तिचा आवाज बारीक झाला. "वाचला आणि फोन बंद केला. व्हिडिओ उघडलाच नाही."

पहाट फुटायच्या आधीच जुमाकादिरनं जुनी झिगुली गाडी काढली. तोतुया तयार होऊन मागं बसलेलीच होती.

"तू गाडीतच बसायचं," तो म्हणाला. "एकदम समोर आलीस तर पोराचं काळीज फुटेल. चांगली बातमीसुद्धा पायरीपायरीनं द्यावी लागते."

"तुमच्या पायऱ्यांनीच ही वेळ आणलीय!" पण बसली. पोटावर हात दाबून, दात आवळून बसली.

ओशच्या विमानतळाबाहेर नेहमीची गर्दी. टॅक्सीवाले ओरडत होते, फुलं घेतलेल्या बायका टाचा उंचावत होत्या. अर्गेन सगळ्यात शेवटी बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे सुजून बारीक झालेले. बाप दिसला मात्र, त्यानं पिशवी टाकली, कमरेत वाकला आणि रीतीप्रमाणे भर गर्दीत हंबरडा फोडला, "आपा गं! माझी आपा गं! तुझं तोंड बघायलाही पोचलो नाही गं!"

आजूबाजूची अनोळखी माणसं थांबली. एका म्हाताऱ्यानं दुआ मागायला हात उचलले. जुमाकादिरनं मुलाला मिठीत घेतलं, आणि सवय कुठली जातेय, त्याच्या तोंडून आलं, "बाळा, एक पाहुणा होता..."

"नको, अता!" अर्गेन किंचाळला. "पाहुण्याची गोष्ट नको! पाया पडतो, नको!"

जुमाकादिरनं आपली पांढरी टोपी डोक्यावरून खेचली, जोरानं वर उडवली आणि विमानतळ दणाणून सोडला:

"सुयुन्चु!"

दुआ मागणारा म्हातारा म्हणाला, "वेड लागलं बिचाऱ्याला."

"सुयुन्चु, अर्गेन! सुयुन्चु! तुझी आपा जिवंत आहे! गाडीत बसलीय! शिव्या घालतेय मला!"

अर्गेननं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ह्या चेहऱ्यानं आजवर कुणाला खोटी आशा दाखवली नव्हती, हे त्याला माहीत होतं. तो आपल्याच पिशवीवर मटकन बसला. तेवढ्यात गर्दी दूर सारत तोतुया आलीच, गाडीत ती कसली बसून राहते! तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं, दुखतंय ते विसरून. "किती वाळलास रे! तिकडं खायला घालत नाहीत का?" अर्गेन तिचे हात चाचपत होता, तोंड चाचपत होता, हसत होता, रडत होता. दुआ मागणाऱ्या म्हाताऱ्यानं वर केलेले हात तसेच तोंडावरून फिरवले आणि म्हणाला, "चला, अल्लानं माझी दुआ फारच लवकर ऐकली."

जिवात जीव आल्यावर मग अर्गेनला राग आला. येणारच. "अता, फोनवर सरळ सांगायचं ना!"

"सरळच सांगितलं होतं, बाळा!" जुमाकादिर काकुळतीनं म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा सरळ सांगितलं!"

अर्गेन त्याच्याकडे बघत राहिला आणि मग त्याला असं हसू फुटलं, की त्याला पुन्हा पिशवीवर बसावं लागलं. डोळे पुसत तो म्हणाला, "बरं, सुयुन्चुचं काय देऊ? घड्याळ घ्या." तो मनगटावरून काढायलाही लागला.

"घड्याळ राहू दे," जुमाकादिर म्हणाला. तो टोपीवरची धूळ झटकत होता, मुलाकडे बघत नव्हता. "माझा फोन उचलत जा."

अर्गेनचं हसू थांबलं. त्यानं उठून बापाच्या हातातली टोपी घेतली आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली. "उचलेन, अता," तो म्हणाला.

दोनच दिवसांनी तोतुयाचं ऑपरेशन झालं, छान झालं. खडे तिनं डॉक्टरकडून मागून घेतले. बरणीत घालून ठेवलेत आणि आल्यागेल्याला चहाबरोबर दाखवते, बघा नाहीतर नका बघू. अर्गेन महिनाभर राहिला, तंदूर दुरुस्त केला आणि परत गेला.

त्यानंतर काही दिवसांनी जुमाकादिर गोठ्यामागं गेला. फोन हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग लावला. पलीकडं दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

"अता?" मागं इंजिनाची घरघर होती. "काय झालं?"

"काही नाही. लाल गाय व्याली. कालवड झाली."

"मग सुयुन्चु म्हणा की!"

"सुयुन्चु," जुमाकादिर लाजून म्हणाला.

अर्गेन हसला. मग त्यानं विचारलं, "आपा कशी आहे?"

"आपा बरी आहे."

घरघर तशीच एकसारखी चालू राहिली.

"बरं," अर्गेन म्हणाला. "मग कालवडीचं नाव काय ठेवताय?"